हलकी चाकं की हलके टायर? दापोली-मुरुड चढणीसाठी सल्ला हवा

आसूद_उतार

नमस्कार मंडळी. राहायला दापोलीत, कामाला मुरुडला. भर पावसाचे दिवस सोडले तर जाणं-येणं सायकलवरच. सकाळी सगळा उतार, संध्याकाळी सगळा चढ.

सायकल जुनी २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक). व्ही-ब्रेक, मागे सात गिअरचं फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा संच), टायर २.१ इंच रुंदीचे, मोठ्या गोट्यांचे, म्हणजे रबराच्या उंचवट्यांचे. संध्याकाळी आसूद मागे टाकून चढ लागला की चाकंच मागे ओढतायत असं वाटतं. दुकानात विचारलं तर म्हणाले, फिरणारं वजन दुप्पट धरायचं असतं, त्यामुळे आधी चाकं बदला. हलक्या रिम, नवे हब (चाकाचा मधला भाग) आणि ३२ ऐवजी २४ स्पोक असं बांधून देतो म्हणाले. खर्च वीस हजारांच्या वर. दोन्ही चाकं मिळून साधारण ७०० ग्रॅम कमी होतील. टायर मात्र तेच राहतील.

घरी काट्यावर टायर ठेवून पाहिला. एक टायर ७८० ग्रॅम, ट्यूब २००. म्हणजे दोन्ही चाकांवर मिळून जवळपास दोन किलो नुसतं रबर. हे पाहिल्यापासून पैसे नेमके कुठे घालावेत ते कळत नाहीये. वीस हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही. ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खारावारा

दुकानदार म्हणतात ते खरं आहे, पण ते एका विशिष्ट क्षणापुरतं.

रिमवर किंवा टायरमध्ये असलेलं वजन दोन कामं करतं: सायकलबरोबर पुढे जातं आणि स्वतःभोवती फिरतं. म्हणून वेग वाढवताना चाकाच्या कडेवरचा एक किलो जवळजवळ दोन किलोंइतकी ऊर्जा मागतो. हबमधला एक किलो मात्र एकाच किलोसारखा वागतो, कारण तो मध्याजवळ आहे. पण हे सगळं *वेग वाढवताना*. तुम्ही ताशी १० च्या एका वेगाने चढत असाल तर कडेवरचा किलो आणि पाठीवरच्या सॅकमधला किलो यांत फरक नाही. गुरुत्वाकर्षण दोघांना सारखंच खाली ओढतं.

आता तुमच्याच रस्त्यावर हिशोब करू. तुम्ही, सायकल, डबा-पाणी मिळून ८८ किलो धरतो. दापोलीची उंची २४० मीटर, अंतर सोयीसाठी १० किलोमीटर आणि पायांची ताकद १२० वॉट धरतो. रोज सायकल चालवणाऱ्याला हे जमतं.

७०० ग्रॅम २४० मीटर वर न्यायला साधारण १६५० जूल लागतात. १२० वॉटने भागा, १४ सेकंद आले. पाऊण तासाच्या चढणीत वीस हजारांनी १४ सेकंद वाचले. "दुप्पट" वालं गणित इथे लागू होत नाही, कारण समुद्रसपाटीपासून वर येताना तुम्ही सारखा वेग वाढवत नाही.

आता तुम्ही ज्याचा उल्लेख केला नाहीत ते बघू. टायर रस्त्याला टेकतो तिथे तो दबतो, पुढे गेला की पुन्हा पूर्ववत होतो. दबताना घेतलेली ऊर्जा रबर पूर्ण परत देत नाही, थोडी उष्णतेत जाते. हाच लोळण-विरोध. मोठ्या गोट्यांचा, जाड कापडाचा टायर डांबरावर यात फार खातो, कारण प्रत्येक गोटी वाकते आणि सुटते. तुमच्या टायरसाठी याचा गुणांक, म्हणजे वजनाच्या किती पट विरोध होतो तो आकडा, ०.०१० आणि बऱ्यापैकी गुळगुळीत टायरसाठी ०.००६ धरला, तर ८८ किलोंवर फरक साडेतीन न्यूटनच्या आत-बाहेर येतो. ऐकायला किरकोळ. पण हा विरोध दहाही किलोमीटर, प्रत्येक मीटरला लागतो. म्हणजे ३४ हजार जुलांच्या वर! वेळेत मोजलं तर चार ते पाच मिनिटं.

१४ सेकंद एका बाजूला, चार मिनिटं दुसऱ्या बाजूला. गुणांक मी अंदाजाने धरलेत, तुमच्या टायरचे थोडे इकडेतिकडे असतील. पण अंदाज निम्म्याने चुकला तरी उत्तर बदलत नाही.

चाकं राहू द्या. टायर बदला.

घाटवेडी

खारावारांचं गणित मान्य, पण चित्र अर्धं आहे. मी सावंतवाडीची. आंबोली घाट माझा नेहमीचा, आणि हलक्या चाकांचा फरक मला पायात *जाणवतो*. ती भावना खोटी आहे असं कोणी म्हणू नये.

आपल्या किनाऱ्यावरचा रस्ता कसा आहे पाहा. खाडीवरचा पूल, लगेच चढ, वर सडा (कातळाचं पठार), पुन्हा उतार, पुढची खाडी. देवगड ते मालवण जा किंवा जयगडच्या बाजूने गणपतीपुळ्याकडून आरे-वारेला या, सलग सपाट रस्ता क्वचितच मिळतो. वळणावर वेग मरतो, समोर एसटी येते, गुरं आडवी येतात, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी नव्याने वेग धरावा लागतो. तिथे कडेवरचं वजन दुपटीने मागतंच.

शिवाय उभं राहून पेडल मारताना सायकल दोन्ही बाजूंना झुलते. हलकं पुढचं चाक हातात लगेच वळतं. जड चाक स्वतःची दिशा सोडायला तयार नसतं. उतारावर खड्डा चुकवताना हे कळतं. गणितात वेग येतो, हाताला लागणारी ही चपळाई येत नाही.

खारावारा

घाटवेडीताई, चपळाईबद्दल पूर्ण सहमत. फिरत्या चाकाची जडत्वाची खोड हँडलला जाणवते, त्यात वाद नाही.

वेग धरण्याच्या मुद्द्याला मात्र आकडा लावतो, कारण माणसं हजारो रुपये त्याच मुद्द्यावर खर्च करतात. थांबलेल्या सायकलवरून ताशी १८ पर्यंत जायला ८८ किलोंना ११०० जूल लागतात. कडेवरचे ७०० ग्रॅम काढले तर त्यातले १७-१८ जूल वाचतात. दीड टक्का. तो दीड टक्का पहिल्या दोन-तीन पेडलांत पायाला कळतो, मला मान्य आहे, कारण आपलं शरीर वेगापेक्षा वेगातला *बदल* जास्त चांगला ओळखतं. आणि ही ऊर्जा वाया जात नाही. पेडल थांबवलं की तेच जड चाक ती परत देतं. ती जाते फक्त ब्रेक दाबल्यावर.

सपाटीवर तर वजनाचं महत्त्व आणखी कमी होतं. इटालियन सायकलपटू फ्रांचेस्को मोझेरने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ५१.१५१ किलोमीटर कापले, ते भरीव डिस्क चाकांवर. तिथे लढाई हवेशी होती, ग्रॅमशी नव्हती. आपल्या आसूदच्या भावाला त्या चाकांची गरज नाही, पण हलकं तेच वेगवान हे गृहीत धरू नये एवढंच सांगायचंय.

पितळी_निपल

रत्नागिरीत सायकली दुरुस्त करतो. गणित वरच्यांनी केलं, मी लोखंडाबद्दल लिहितो.

किनाऱ्यावर चाक बांधताना पहिला शत्रू खारी हवा. २४ स्पोकांचं हलकं चाक नवीन असताना सुंदर फिरतं. पण त्याच्याबरोबर बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची निपलं (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) येतात. स्टेनलेस स्पोक आणि ॲल्युमिनियम निपल यांच्यामध्ये मिठाचं पाणी बसलं की निपल आतून कुजतं. बाहेरून पांढरी पूड दिसते, आणि आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला पाना लावला की निपलाचं डोकं हातात येतं. पितळी निपलं घातली तर ३२ स्पोकांच्या दोन चाकांत ६४ निपलांमागे चाळीसेक ग्रॅम वाढतात. ते खुशाल वाढू द्या.

दुसरी गोष्ट, तुमचा व्ही-ब्रेक आहे. व्ही-ब्रेक रिमवरच घासतो. जांभ्याची लाल माती पावसात ब्रेकच्या रबरात रुतते आणि रिम कानशीसारखी घासते. हलक्या रिमची भिंत पातळ असते, म्हणजे ती लवकर संपणार. मी हातात घेतलेल्या कित्येक रिम आत वाकलेल्या, ब्रेकच्या पट्टीवर बोट फिरवलं तर खोलगट लागणाऱ्या. अशी रिम उतारावर फुटू शकते. मुरुडचा उतार रोज उतरणाऱ्याने रिमची जाडी वाचवावी, वजन नव्हे.

तिसरं, चोवीस स्पोकांत एक तुटला तर चाक इतकं आऊट होतं की ब्रेकला घासतं आणि घरी येणं कठीण. ३२ किंवा ३६ मध्ये एक तुटला तरी ब्रेक थोडा सैल करून गावात पोचता येतं. दापोली-मुरुड अंतर लहान आहे हे खरं, पण अंधार पडल्यावर तेही लांब होतं.

चौथं. नवं हब कॅसेटचं असेल तर तुमचं फ्रीव्हील त्यावर बसणार नाही. फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसतं, कॅसेट खाचांवर सरकते. म्हणजे गिअरचा संच नवा आला, कदाचित चेनही. वीस हजारांत हे धरलंय का, विचारून घ्या.

रोडस्टर२८

मी वेंगुर्ल्याचा, वय सत्तरीच्या पुढे. अजून २८ इंची काळी सायकल चालवतो, रॉडच्या ब्रेकची. तिच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर, लोखंडी, आणि वजन तुम्हा तरुणांना ऐकवणार नाही.

जड चाक हे जात्यासारखं असतं. पहिला वेढा जड, पण एकदा फिरायला लागलं की हात काढला तरी फिरत राहतं. शिरोड्याकडे जाताना सपाटीवर या चाकाचा मला कधी त्रास झाला नाही. चढावर उतरून ढकलतो, त्यात लाज नाही. आमच्या काळी टपाल, मासळी, दुधाच्या किटल्या सगळं याच चाकांवर गेलं.

माका इचारल्यात तर आदी हवा बघा, मगे टायर, रिम सगळ्यात शेवटी. अर्धी माणसं कमी हवेवर सायकल चालवतात आणि सायकल जड झाली म्हणतात. अंगठ्याने दाबून हवा कळत नाही. दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा पंप घ्या.

जेटीवरचा

काकांना +१. मी दाभोळ-धोपावे फेरीने पलीकडे गुहागरला जातो. जेटीवर ओळखीच्यांची सायकल ढकलून दिली की दहातल्या सहांचे टायर दबलेले असतात.

आणखी एक, पंक्चरबद्दल कोणीच बोललं नाही. पावसाळा सरला की कुंपणं नीट करायला करवंदीच्या फांद्या ओढत नेतात, काटे रस्त्यावर पडतात. अति हलका, पातळ टायर घेतलात तर वाचवलेले सगळे सेकंद एका पंक्चरमध्ये जातील. मी २०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) करतो, त्याला साडेतेरा तास मिळतात. तिथे माणसं वेळ गमावतात ती रस्त्याच्या कडेला ट्यूब बदलताना. चढावर क्वचितच कोणी गमावतं. मधला टायर घ्या: गुळगुळीत माथा, खाली पंक्चर रोखणारा पट्टा, बाजूचं कापड लवचीक. पट्टा जितका जाड तितका टायर मंद, हेही लक्षात ठेवा. सगळं एकाच टायरमध्ये मिळत नाही.

आसूद_उतार

सगळ्यांचे मनापासून आभार. चाकांचा बेत सोडला आणि टायर घेतले. माप ४०-५५९, म्हणजे २६ x १.५, जवळजवळ गुळगुळीत, आत पंक्चरचा पट्टा. एक टायर काट्यावर ४९० ग्रॅम. ट्यूबही त्याच मापाच्या घेतल्या, १५० ग्रॅमच्या. दोन्ही चाकं मिळून ६८० ग्रॅम कमी झाले. नव्या चाकांतून जवळपास एवढंच वजन कमी होणार होतं, आणि खर्च त्याच्या सहाव्या हिश्शाइतकाही नाही.

चढ आता वेगळाच वाटतो. आवाज गेला, हे पहिलं. पूर्वी डांबरावर गोट्यांची सतत घरघर यायची. वेळ चार मिनिटांच्या आसपास कमी झालाय. खालच्या गिअरवर पाय पूर्वीपेक्षा मोकळे फिरतात. आणि पुढचं चाक, घाटवेडीताई म्हणतात तसं, हातात हलकं झालंय. याचं श्रेय वजनाला किती आणि रबराला किती?

खारावारा

मनापासून आनंद झाला. श्रेय वाटायला बसलोच आहोत तर तिसरा वाटेकरीही धरा, तो म्हणजे चाकाचा घेर.

तुमचा जुना टायर ५४-५५९ च्या आसपासचा. ५४ ही टायरची रुंदी आणि जवळजवळ तेवढीच उंची, ५५९ हा रिमचा व्यास, त्यात दोन्ही बाजूंची टायरची उंची मिळवली तर ६६७ मिलिमीटर. नवा टायर ४०-५५९, म्हणजे ६३९. घेर चार टक्क्यांनी कमी झाला. म्हणून पेडलाच्या प्रत्येक फेऱ्यात सायकल चार टक्के कमी पुढे जाते, आणि तुमचा प्रत्येक गिअर तेवढाच हलका झालाय. पाय मोकळे फिरतात ते मुख्यतः यामुळे. मागे मोठी चकती न घालता तुम्हाला एक सोपा गिअर मिळाला असं समजा. चढणाऱ्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे.

याच कारणाने विचारतो, वेळ कशावर मोजली? स्पोकला चुंबक लावलेला मीटर असेल आणि त्यात जुनाच घेर भरलेला असेल, तर तो आता वेग आणि अंतर दोन्ही चार टक्के जास्त दाखवेल. नवे टायर घातल्यावर खूप जणांना जे वेगाचं सुख होतं त्यातला एक हिस्सा असा मीटरमधून येतो. घेर भरताना चाकाचा एक पूर्ण फेरा जमिनीवर मोजा, तोही स्वतः सायकलवर बसून.

आसूद_उतार

वेळ मोबाइलच्या घड्याळावर, नेहमीच्या नाक्यापासून नेहमीच्या नाक्यापर्यंत. चुंबकाचा मीटर नाही, त्यामुळे घेराचा प्रश्न येत नाही. पण गिअरचा मुद्दा डोक्यात पक्का बसला. आता शेवटून दुसरा गिअर पूर्वीच्या शेवटच्या गिअरच्या बराच जवळ वाटतो, त्याचा उलगडा झाला.

घाटवेडी

नाक्यापासून नाक्यापर्यंतच्या वेळेत तुमचा त्या दिवसाचा जोर आणि वारा दोन्ही मिसळतात. रबराचा फरक स्वच्छ पाहायचा तर उतारावर सोडून पाहा. मी नेहमी असंच करते. जिथे थोडा उतार आणि पुढे लांब सपाटी आहे, खाडीच्या पुलाकडे जाणारा सरळ रस्ता उत्तम, तिथे एका खुणेवरून पेडल न मारता सायकल सोडायची. बसायची पद्धत तीच, कपडे तेच, पाण्याची बाटली तेवढीच भरलेली. सायकल कुठे थांबते तिथे खूण करायची. मग टायर बदलून पुन्हा. शेवटच्या मंद टप्प्यात हवेचा विरोध नगण्य होतो आणि उरतो तो बहुतेक टायरचाच. म्हणून फरक तिथे उघड दिसतो.

वेळ सूर्योदयानंतर थोड्या वेळाची, सकाळची निवडा. मतलई वारे मंदावलेले असतात आणि खारे वारे अजून सुरू झालेले नसतात. दुपारी समुद्रावरून वारा लागला की ही चाचणी व्यर्थ. ब्रेकचं रबर रिमला घासत नाही ना हे आधी चाक उचलून, फिरवून बघा.

आणि एक बाब मी वर लिहायला हवी होती ती आता लिहिते. टायर अरुंद करून हवा ठासून भरली की हँडलला बारीक थरथर येते आणि ती वेगासारखी वाटते. आपल्याकडचा खडबडीत रस्ता असेल तर तेवढी हवा उलट मंद करते. सायकल आणि तुम्ही दोघं सतत उसळत राहता आणि ती ऊर्जा शरीरातच जिरते. चांगल्या डांबरावर थोडी जास्त, खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर थोडी कमी.

आसूद_उतार

सध्या हवा ६० पीएसआय (दाबाचं एकक) ठेवलीय, टायरवर ६५ पर्यंत लिहिलंय. माझं वजन ७२. हर्णे-आंजर्ले बाजूला गेलो की हात झिणझिणतात.

पितळी_निपल

७२ किलोंना, ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ६० जास्त आहे. टायरवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तो सल्ला नसतो. मागे ५० आणि पुढे ४५ पासून सुरुवात करा. वजन मागच्या चाकावर जास्त पडतं म्हणून मागे थोडी जास्त. हात झिणझिणायचे थांबले आणि खड्ड्यात रिम जमिनीला टेकत नसेल तर तिथेच ठेवा. टेकली की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, ती खूण ओळखून हवा चारपाच पीएसआयने वाढवा. ट्यूबमधून हवा हळूहळू जात असते, म्हणून दर आठवड्याला घड्याळाच्या पंपाने बघायची.

जुने गोट्यांचे टायर टाकू नका. पावसात मातीच्या वाडीरस्त्यावर, शेवाळलेल्या जांभ्याजवळ पुढच्या चाकाला त्यांची पकड हवीच. मागे गुळगुळीत, पुढे गोट्यांचा, अशी जोडी पावसाळ्यात चांगली चालते. ट्यूबही त्याच मापाची जपून ठेवा. टायर साध्या पाण्याने धुवून, पूर्ण सुकवून, उन्हापासून आणि इन्व्हर्टरपासून लांब ठेवा. घडी घालू नका, आत तार आहे, ती मुडपली की टायर पुन्हा रिमवर सरळ बसत नाही. आणि नवे टायर दिशेचे असतील तर बाजूवरचा बाण पुढे फिरतोय ना, ते एकदा बघून घ्या.